गोणीवर रुसलेले वस्ताद

बंदेनवाज वस्ताद रागावले नाहीत असा दिवस त्यांच्या उभ्या आयुष्यात एकच उगवला, तो त्यांच्या निकाहाचा, असं सोलापूरच्या बेगम पेठेत सांगत. त्यांची बायको कमरबी म्हणायची, तेही खोटं. त्या दिवशी ते घोड्यावर रागावले होते. घोडा मान खाली घालून चालत होता म्हणे, आणि पैलवान पाठीवर बसल्यावर जनावरानं छाती काढून चालायला पाहिजे, असं नवऱ्या मुलाचं मत होतं.

त्यांचा राग सढळ होता. कुणाला जास्त, कुणाला कमी असा भेदभाव नव्हता. मिलचा भोंगा उशिरा झाला की मिलवर राग, वेळेवर झाला की, ‘पैलवानाला उठवायला भोंगा कशाला लागतो?’ म्हणून राग. तालमीतल्या मारुतीच्या तसबिरीपुढं उदबत्ती वस्तादच लावत, आणि ती वाकडी जळली तर उदबत्तीलाही चार शब्द ऐकवत. एखादा पोरगा चीत झाला की त्याला शिव्या, आणि ज्यानं चीत केला त्याला ‘इतका वेळ काय करत होतास बे?’ म्हणून त्याच्या दुप्पट. ऐन उमेदीत गुडघा निकामी झाला आणि त्यांची स्वतःची कुस्ती संपली. तेव्हापासून ते त्या गुडघ्याशी बोलत नव्हते. जिना चढताना तो कुरकुरला की हे नुसतं त्याच्याकडं बघत.

अशा माणसाकडं सांगोला, मोहोळ, अक्कलकोट इथली पोरं घरदार सोडून राहायला येत, कारण वस्ताद खाऊ घालत. डाव कुणीही शिकवतो, खुराक देतो तो वस्ताद, असं ते सांगत. ते निखळलेली हाडं बसवायचे. जिल्ह्यात कुणाचा खांदा उतरला, कुणाचं मनगट लचकलं की माणूस बैलगाडीत घालून त्यांच्या दारात यायचा. वस्ताद आधी हाड मोडून घेतल्याबद्दल त्याला झापायचे, मग हाड बसवायचे. पैशाला हात लावत नसत. कुणी तूप आणून द्यायचं, कुणी बदाम, कुणी कोंबडी, आणि ते सगळं संध्याकाळपर्यंत पोरांच्या पोटात गेलेलं असायचं. वाढायचे स्वतः. कमरबीनं रांधायचं, पण पळी वस्तादांच्या हातात. पळी आणि शिवी बरोबरच ताटात पडायची, आणि पोरं दोन्ही चाटूनपुसून घ्यायची.

मग बाहत्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ आला.

हाडं काही मोडायची थांबली नाहीत. उलट वाढली. रस्त्याच्या कामावर खडी फोडून मनगटं सुजलेली माणसं दारात रांगेनं बसू लागली. पण त्यांच्या हातात आता काही नसायचं. दुभती जनावरं छावणीत हाडं दाखवत उभी होती. तूप सोडाच, कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत कालवायला ताक मिळेना, मग नुसतं पाणीही मिळेना, आणि जी माती लोण्यासारखी असायची ती विटेसारखी झाली. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिची भाकरी थापली की तव्यावर जाण्याआधीच रुसून फाटायची. पोरांच्या बरगड्या दिसू लागल्या. वस्ताद ओरडत होतेच, पण आता ओरडून झाल्यावर पळी घ्यायला हात जायचा आणि पातेलं रिकामं असायचं.

अशात फेब्रुवारीतल्या एका सकाळी हातगाडीवरून तालमीच्या दारात एक गोणी उतरली. गोणीच्या मागोमाग आरोग्य खात्याच्या विजयमाला बाई आल्या. मूळच्या पंढरपूरच्या, वय पंचविशीचं, आणि आवाज असा की शाळेत घंटा नसली तरी चाललं असतं. तालमीत राहणारी पोरं म्हणजे वसतिगृहच, असं वरच्या साहेबांना पटवून त्यांनी ही गोणी मिळवली होती.

वस्तादांनी गोणीभोवती एक चक्कर मारली. गोणीवर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचं चित्र होतं, अमेरिकेच्या मदतीची खूण.

“हात मिळवलाय,” ते म्हणाले. “म्हंजे कुस्ती लावायची दिसतीय. कुणाबर?”

“अमेरिकेबर,” जोतीराम म्हणाला. हा सांगोल्याकडचा, वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठ्या. म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या खाणारा.

“तुला इचारलं? जोर काढ.”

“वस्ताद, हा बल्गर,” बाई म्हणाल्या. “गहूच आहे. उकडून, वाळवून, भरडलेला.”

“आदीच उकडलेला?”

“हो. म्हणून लवकर शिजतो. सरपण कमी लागतं.”

“म्हंजे दुसऱ्यानं उकडून टाकलेला गहू आमी खायचा.”

“टाकलेला नाही, वाळवलेला.” बाई अशा उत्तरांना सरावलेल्या होत्या. “कोंडा बराचसा तसाच असतो, त्यानं पोट साफ राहतं. प्रथिनं आहेत, लोह आहे, ब जीवनसत्त्व आहे. सावकाश पचतो, त्यामुळं लगेच भूक लागत नाही. फक्त नुसता देऊ नका, डाळ घाला. गव्हात जे कमी पडतं ते डाळ भरून काढते. आणि वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं.”

“दुधापरीस भारी हाय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “दुधाची जागा घेत नाही. पण दूध कुठं आहे?”

हा फटका वस्तादांना बरगडीत बसला. त्यांनी गोणीला बोटानं टोचून पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी कदी कुस्ती केलीय का?”

“रोज करते. सांगोल्याच्या एस.टी.त.”

बाई गेल्या. वस्ताद गोणीकडं बघत उभे राहिले. परत पाठवावी तर पोरांचे डोळे गोणीला चिकटलेले. ठेवून घ्यावी तर मग आपण कोण? त्यांनी मधला रस्ता काढला. गोणी ठेवायची, पण बाईचं ऐकायचं नाही.

“शिजवून खातो तो आजारी,” त्यांनी जाहीर केलं. “पैलवान कच्चं पचवतो. बदाम काय शिजवून खाता बे? भिजवायचा, कुटायचा, प्यायचा!”

दुसऱ्या दिवशी पहाटे बल्गरची थंडाई झाली. बदाम रात्रभर भिजत घालतात, पण वस्तादांना रागाच्या भरात तेवढा धीर कुठला? तोंड धुऊन होईपर्यंत जेवढा भिजला तेवढा बल्गर दगडी कुंडीत पडला. थंडाई कुटायचा लाकडी दांडा फिरू लागला. गुळाचा खडा गेला, पाणी गेलं आणि काँक्रीट कालवल्यासारखा एक पदार्थ तयार झाला. पोरांनी प्रत्येकी लोटाभर ढोसला. वर तहान लागली म्हणून पाणी प्यायली. वस्तादांनी स्वतः घेतला नाही. वस्तादांनी आधी पोरांना द्यायचं असतं.

जोर-बैठका सुरू झाल्या. बल्गर पोटात गेल्यावर निवांत भिजला, आणि भिजल्यावर त्यानं जे करायचं ते केलं. तो फुगला. आधी एकानं बैठक मारली, तो उठलाच नाही. दुसरा जोर काढता काढता कुशीवर वळला. थोड्या वेळानं तालमीत असे काही आवाज निघू लागले की समोरच्या हाटेलातला विरुपाक्ष, बंब पेटवता पेटवता बाहेर येऊन आभाळाकडं बघू लागला, ढग आले की काय म्हणून. हौद्याच्या कडेनं सगळे पठ्ठे व्यायला टेकलेल्या म्हशींसारखे आडवे पडले होते.

“बघितलंस?” वस्ताद कमरबीवर गरजले, जणू अमेरिकेत गहू तिनंच उकडला होता. “माणसाचं खाणं न्हाय हे!”

“अजी, माणसासारखं केलं असतं तर असतं,” कमरबी म्हणाली.

संध्याकाळी पोटं उतरल्यावर जोतीरामनं आपली वळकटी बांधली. वस्तादांसमोर येऊन तो खाली बघत उभा राहिला.

“वस्ताद, मी जातो. गावाकडं नालाबंडिंगचं काम निघालंय. तितं दुपारी खायला सुकडी तरी मिळती.”

वस्तादांनी तोंड उघडलं, पण त्यातून शिवी आली नाही. कमरबीनं ते पाहिलं. ती उठली, जोतीरामची वळकटी त्याच्या हातातून घेतली आणि तिच्यावरच बसली. मग तिनं गोणीत हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरले.

“हा तर आपल्या मोहरमच्या खिचड्याचा गहू,” ती म्हणाली. “जरा शहाणा होऊन आलाय एवढंच.”

खिचड्याची मोठी डेग माळ्यावरून उतरली. तालमीच्या मागच्या पडवीत चूल पेटली. मसुरीची डाळ, कांदा, लसूण, हळद, आणि मग तो बल्गर. शिजायला वेळ लागलाच नाही. पोरं खाली मान घालून जेवत होती आणि कमरबी वाढत होती. पळी तिच्या हातात होती.

ते बघून वस्तादांच्या डोक्यात जे काय फुटलं, ते तोपर्यंतच्या सगळ्या रागांचं आजोबा होतं.

“ऐका सगळे! ही गोणी जोवर ह्या तालमीत शिजतीय, तोवर बंदेनवाज ह्या हौद्यात पाय ठेवणार न्हाय! मारुतीची आन!” मारुतीची घेतली, कारण तोच समोर होता.

घास हातातच राहिले. हौद्यात पाय न ठेवणं म्हणजे काय, हे पोरांना ठाऊक होतं. तीस वर्षं हा माणूस रोज पहाटे हौद्यात उतरून चिमूटभर माती कपाळाला लावत आला होता. अंगात ताप असताना उतरला होता. बाप गेला तेव्हा त्याला माती देऊन आला तो थेट हौद्यातच उतरला, आणि त्या दिवशी त्याला तिथं कुणी काही विचारलं नाही. घरी भात कसा झालाय यावर तो भांडे, पण निवांत असे तो तिथंच. रागात माणसं ताट फेकतात, दार आपटतात. वस्तादांनी स्वतःलाच घराबाहेर काढून बाहेरून कडी घातली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते समोर विरुपाक्षच्या हाटेलाच्या बाकड्यावर बसू लागले, आणि रस्त्यापलीकडून तालीम चालवू लागले.

“जोत्या! डावा पाय! डावा!” ते ओरडत. सायकलवरून मिलला निघालेला एखादा कामगार दचकून डावा पाय टेकायचा. जोतीरामला ऐकूच जायचं नाही. मध्ये हातगाडी यायची, बैलगाडी यायची, पाण्याचा टँकर यायचा आणि त्याच्यामागं घागरींचा अख्खा मोर्चा यायचा. वस्तादांचे डाव त्या मोर्च्यात चिरडून मरायचे.

जेवायलाही ते तिथंच. कमरबी बल्गर देईल म्हणून घरी जेवणं बंद. मिलोची वाळलेली भाकरी आणि कांदा, रुमालात बांधून.

“वस्ताद, ती भाकरी हाय का पाटी?” विरुपाक्ष विचारायचा. “काय तरी लिहून दाखवा की.”

“तू चहा कर. दूध घालून कर.”

“दूध असतं तर तुमाला दिलं असतं का? मीच प्यालो असतो यप्पा.”

आणि रोज त्याच वेळी रस्त्यापलीकडून लसणीच्या फोडणीचा वास यायचा. मग वस्ताद वाऱ्यावर चिडायचे. सोलापुरात पावसाचे ढग आणायला ह्या वाऱ्याला होत नाही, पण फोडणी मात्र बरोबर नाकावर आणून सोडतो!

सगळ्यात वाईट म्हणजे पोरं सुधारत होती. पहिल्या आठवड्यात वस्तादांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मग देवळाच्या खांबासारख्या जोतीरामच्या मांड्या पुन्हा भरू लागल्या, ते रस्त्यापलीकडूनही दिसायला लागलं. सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत पुरतं, असं पोरं एकमेकांत बोलत. आडवं पडून राहणं बंद झालं, धाप लागणं कमी झालं. विरुपाक्ष तर सांगू लागला की आमच्या घरची हुग्गी याच जातीची, गूळ घालून शिजवलेला गहूच की, आमचे आजे तेवढ्यावर नांगर ओढायचे, बैल नसला तरी. वस्तादांनी त्याला गप्प बसवलं. पोरं वाळत होती तेव्हा त्यांना दुःख होतं. आता पोरं भरत होती आणि त्यांना राग येत होता. या दोन्हींत दुसरं जास्त बोचतं, हे त्यांना त्या बाकड्यावर कळत होतं.

एका दुपारी विजयमाला बाई आल्या. एस.टी.तून थेट. साडीला धूळ, कपाळाला घाम, आणि आज आवाजात घंटा नव्हती, घण होता. त्यांनी तालमीत जाऊन पाहिलं, कमरबीशी बोलल्या आणि रस्ता ओलांडून बाकड्यापाशी आल्या.

“असे कसे हो तुम्ही?”

“बसा. विरुपाक्ष, बाईला चा दे. काळा दे, दुसरा न्हाईच हाय.”

“मला चहा नको. तुम्ही शपथ घेतलीय म्हणे?”

“घेतली.”

“सांगोल्याकडं मी रोज पोरं बघते, वस्ताद. उचलून घेतलं की हाताला वजन लागत नाही. त्यांच्या आया मला बघितलं की एकच विचारतात, बाई, गोणी कधी येणार? मला सांगता येत नाही, कारण मला कुणी सांगत नाही. तिथून मी इथं येते, तर इथं एक धडधाकट माणूस गोणीवर रुसून बसलाय.”

“रुसलो न्हाय!”

“मग काय झालंय?”

“मी मागितली हुती का ती गोणी? मागितली हुती?” वस्ताद उभे राहिले. बाकडं हललं, चहाचा पेला लवंडला. “तीस वर्सं ह्या हातानं खायला घातलंय पोरास्नी. कुणाच्या दारात गेलो न्हाय. आज पोरं जेवत्यात आन मला म्हाईत न्हाय कुणाचं जेवत्यात! कोण हाय तो? कुटं ऱ्हातो? त्यानं माज्या पोरास्नी काय म्हणून खायला घालायचं? आन आमची ज्वारी कुटं गेली? मालदांडीची ज्वारी, मोत्यासारखी, ती कुटं गेली? कुणाच्या वखारीत हाय, ते सांगा की! ते न्हाय सांगत तुमचं खातं. लोह सांगतंय!”

बाईंनी लवंडलेला पेला उचलून सरळ ठेवला.

“ते मलाही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “माहीत असतं तर मीच तिथं जाऊन आरडाओरडा केला असता. पण बाकड्यावर बसून केला नसता.”

त्या निघून गेल्या. वस्तादांनी विरुपाक्षवर चिडायचा प्रयत्न केला, पण तो नीट जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीपुढं टँकर लागला. भांड्यांचा असा खणखणाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वस्ताद बाकड्यावर चढून उभे होते, टँकरच्या बाजूच्या गर्दीवरून हौदा दिसावा म्हणून. हौद्यात जोतीराम दुसऱ्या पोराचा पट काढायला शिरत होता. म्हणजे वाकून पाय धरायचा आणि उचलून घ्यायचा. पण मान खाली जात होती. मान खाली घालून पट काढणारा गडी समोरच्याच्या काखेत आपण होऊन मुंडी देतो. वस्तादांनी हे त्याला शंभरदा सांगितलं होतं.

“मान वर!” ते ओरडले.

जोतीराम पुन्हा शिरला. मान खालीच.

“अरे मान! मान वर बे! मोडून घेशील!”

घागरी खणखणल्या. जोतीराम तिसऱ्यांदा शिरला, आणि या खेपेला समोरच्या पोरानं त्याची मान काखेत धरलीसुद्धा.

वस्ताद बाकड्यावरून कधी उतरले ते विरुपाक्षला दिसलंच नाही. घागरींच्या रांगेतून ते गेले ते रांगेला भगदाड पाडत. तालमीच्या दारातून आत, आणि आतून थेट हौद्यात. समोरच्या पोराला त्यांनी बाजूला ढकललं.

“असा शिरतात व्हय रे? असा? बघ इकडं! मान वर, छाती त्येच्या मांडीला, आन असा उचलायचा!”

आणि त्यांनी जोतीरामचा पाय धरून तो उचलायला जोर लावला.

जोतीराम हलला नाही.

त्यांनी पुन्हा लावला. कोपरापर्यंतच्या शिरा तट्ट फुगल्या. महिन्यापूर्वी त्यांनी ह्याच पोराला ह्याच डावावर गवताच्या पेंढीसारखा उचलला होता. आज एखाद्या कडुलिंबाच्या झाडाला मिठी मारल्यासारखं झालं. झाड त्यांच्याकडं वरून काळजीनं बघत होतं.

“वस्ताद, पडू का?” जोतीरामनं हळूच विचारलं.

“पडून बघ! तंगडं मोडतो!” वस्तादांना धाप लागली होती. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पाय सोडून ते मागं सरले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की पोरांतलं कुणीही त्यांच्या तोंडाकडं बघत नाहीये. सगळे त्यांच्या पायांकडं बघत होते.

पायांत चपला होत्या.

तालमीचा कायदा होता की पायताण घालून हौद्यात येईल त्यानं अख्खा हौदा एकट्यानं उकरायचा. कायदा वस्तादांचाच. एकदा सत्काराला आलेला एक पुढारी बुटासकट हौद्यात उतरला, तर त्याच्या गळ्यातला हार न काढता त्यांनी त्याच्या हातात फावडं दिलं होतं. पुढाऱ्यानं ‘माझं वय’ म्हटलं तेव्हा, ‘मातीला वय कळत न्हाय,’ असं हे म्हणाले होते.

वस्तादांनी चपला काढून बाहेर भिरकावल्या. सदरा काढला. फावडं उचललं.

“वस्ताद, आमी उकरतो की,” जोतीराम पुढं झाला.

“फावड्याला हात लावशील तर तालमीत ऱ्हाणार न्हाईस.”

माती खरोखरीच विटेची झाली होती. पहिला घाव घातला तर फावडं उडून वर आलं. वस्तादांनी मातीला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या, अमेरिकेला दिल्या, गुडघ्याशीही इतक्या वर्षांनी बोलले. प्रत्येक घावाला एक. एका कोपऱ्यातून ते सरकू लागले. मिलोच्या भाकरीनं जेवढं दिलं होतं तेवढं सगळं त्यांनी पाऊण हौद्याच्या अलीकडंच खर्चून टाकलं. मग हात चालेनात. फावडं टेकून उभं राहावं म्हटलं तर हौदा गरगर फिरू लागला. ते मातीत मटकन बसले. शिव्या देणं चालूच होतं, पण ओठांतल्या ओठांत.

कमरबी हौद्याच्या कडेला येऊन बसली. तिच्या हातात थाळी होती.

“काय हाय?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मी खात न्हाय ते.”

“नका खाऊ. हौदा अर्धा राहील. उद्या पोरं अर्ध्यात खेळतील.” ती थाळी ठेवून उठायला लागली.

“थांब.”

ती थांबली. वस्तादांनी थाळी ओढली. पहिला घास त्यांनी शत्रूचा कान चावावा तसा घेतला. दुसरा जरा सावकाश. तिसऱ्याला ते थांबले.

“मीठ कमी हाय.”

“बरोबर आहे.”

“कमी हाय म्हंतो ना!” ते चावत राहिले. मग थाळीकडं बघून एकदम ओरडले, “आन लिंबू कुटाय? त्या बाईनं लिंबू पिळा म्हणून सांगितलंतं की! लोह अंगी कसं लागायचं ह्या पोरांच्या? महिनाभर बिनलिंबाचं घालतीयास व्हय?”

पोरांपैकी एक तोंडात लंगोटाचं टोक कोंबून मागं वळला.

“लिंबाला दुष्काळ आहे अजी,” कमरबी म्हणाली. “बाई चिंच चालेल म्हणाल्या, चिंच घातलीय. तुम्हाला चव कळली असती तर कळलं असतं.”

त्यांनी थाळी पुसून घेतली आणि पुन्हा पुढं केली. त्यांना महिन्याभरानं कुणीतरी पोटभर वाढत होतं. मग ते उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा फावडं घेतलं. बल्गरनं काही चमत्कार केला नाही. उपाशी माणसानं जेवल्यावर जे व्हायचं तेच झालं. उन्हं पत्र्यावरून खाली उतरेपर्यंत हौदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरून झाला. वस्तादांनी वाकून चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावली. लावताना हात थोडा वेळ तिथंच राहिला.

“वस्ताद,” दारातून विरुपाक्ष म्हणाला, “आन शपथेचं काय हो?”

“ती जुन्या हौद्याची हुती,” वस्ताद म्हणाले. “हा नवा हाय. उकरताना दिसला न्हाय का बे तुला?”

रात्रीच्या जेवणाला त्यांनी कमरबीच्या हातातली पळी काढून घेतली. “एवढंसं वाढतीस? पैलवान हायत का चिमण्या?” ते पंगतीतून फिरले. प्रत्येकाच्या ताटात एक पळी, एक शिवी. जोतीरामला दोन्ही दुप्पट. शेवटच्या ताटापाशी पळी डेगीच्या बुडाला लागून खरवडली.

“संपलं?”

“गोणीच संपली,” कमरबी म्हणाली. “दुसरी गेल्या आठवड्यात यायची होती. बाई रोज कचेरीत विचारतात. तिथला साहेब म्हणतो, येईल तेव्हा येईल. सांगोल्याचीही आली नाही म्हणे.”

“यील तवा यील?” वस्तादांनी पळी खाली ठेवली. फार हळू ठेवली. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एवढ्या हळू ठेवलेली पळी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला वस्ताद तालमीतून निघाले. अंगावर धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. मागं जोतीराम, त्याच्या मागं बाकीचे पठ्ठे, आंघोळी करून, केस चापून बसवून, लग्नाला निघाल्यासारखे.

“वस्ताद!” विरुपाक्षनं बंबामागून हाक मारली. “गोणी मागायला चाललाय का?”

वस्ताद रस्त्याच्या मधोमध थांबले. टँकरची वाट बघणाऱ्या बायका घागरी उचलून बाजूला झाल्या.

“मागायला?” ते गरजले. “मागायला जायला आमी काय भिकारी हाय का बे? भांडायला चाललोय! आमची एक आन सांगोल्याची जेवढी असंल तेवढी. आन ती मालदांडी कुटं गेली, ते बी इचारणार हाय. चला रे!”

रांगेतल्या एका म्हातारीनं आपली घागर शेजारणीपाशी ठेवली. “माजा नंबर धर गं,” ती म्हणाली आणि पदर खोचून पैलवानांच्या मागं चालू लागली.